हात वर करण्याचा हंगाम

यंदा थंडी लांबली आहे. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की इंद्रायणीच्या अंगाने धुकं येतं, आणि त्या धुक्यातून पहिला आवाज येतो तो प्रचाराच्या रिक्षाचा. रिक्षा दिसत नाही, नुसता भोंगा ऐकू येतो. कुणाचं तरी नाव, कसली तरी निशाणी, सिनेमाच्या चालीवर बसवलेलं गाणं. मग ती रिक्षा आमच्या फाटकापाशी येऊन थांबते, चालक खाली उतरून चहा पितो, आणि भोंगा तसाच चालू राहतो.

बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक आली आहे. मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. खरं सांगायचं तर आमच्या बारा मजली इमारतीत कुणाला त्यांची उणीव भासली असं मला कधी जाणवलं नाही. कचऱ्याची गाडी येत होती. पाणी दिवसाआड येत होतं. तक्रार असली की मोबाइलवर टाकायची, तिला एक क्रमांक मिळायचा, आणि काही दिवसांनी तक्रार सोडवल्याचा निरोप यायचा. मग ती सुटलेली असो वा नसो.

परवा मेथी निवडत बसले होते. खालच्या भोंग्यातून एक घोगरा आवाज म्हणाला की आम्ही लोकांचं राज्य लोकांच्या दारी आणणार. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. हे शब्द मी आयुष्यभर वर्गात शिकवले, पण ते मला ज्यांनी शिकवले त्या जगदाळे सरांचा आवाज एकदम आठवला. त्यांचा आवाज घोगरा नव्हता. बारीक होता, आणि थंडीत थोडा थरथरायचा.

तेव्हा इथे इमारती नव्हत्या. देहूच्या अलीकडचं हे एक गाव होतं. मी लातूरकडून लग्न होऊन आले, नवरा तळवड्याच्या एका कारखान्यात लागला होता, आणि मला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली. जगदाळे सर मुख्याध्यापक होते. जानेवारीत शाळेच्या कुंपणापलीकडे हरभऱ्याचं शिवार हिरवंगार असायचं. मधल्या सुट्टीत मुलं घाटे ओरबाडून आणायची, त्यांच्या बोटांना आंब लागलेली असायची, आणि वह्यांची पानंसुद्धा आंबूस वासाची व्हायची. गावाच्या एका अंगाला नुकत्याच पत्र्याच्या शेड उभ्या राहायला लागल्या होत्या. तिथल्या प्रेस मशीनचा धप्प धप्प आवाज दिवसभर शाळेत ऐकू यायचा. पाढे म्हणताना मुलं नकळत त्या ठेक्यावर म्हणायची.

शाळेच्या मैदानाच्या कडेला एक काळा दगड होता. गावातला एक जवान एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याचं नाव त्यावर कोरलेलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की त्या दगडाला हार घालायचा आणि मग सरांनी बोलायचं, असा क्रम ठरलेला. आणि सर दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे.

अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होते, असं सर सुरुवात करायचे. माणसाला माणसाचा गुलाम करून ठेवता येतं की नाही, या प्रश्नावरून देश मधोमध फाटला होता. एका गावाबाहेरच्या शेतांत मोठी लढाई झाली, हजारो माणसं पडली, आणि काही महिन्यांनी त्यांच्या दफनभूमीचा कार्यक्रम ठरला. एका नामांकित वक्त्याला बोलावलं होतं. तो दोन तास बोलला. मग देशाचा राष्ट्राध्यक्ष उठला, उंच, हडकुळा, दमलेला माणूस, आणि दोन-तीन मिनिटांत बोलून खाली बसला. फोटो काढणाऱ्याची तयारी होईपर्यंत भाषण संपलं होतं, असं म्हणतात. दोन तासांचं भाषण आज कुणाला आठवत नाही, आणि हे छोटं भाषण जगभर शाळेतली मुलं पाठ करतात.

मग सर त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत सांगायचे. तो माणूस शत्रूविषयी एक शब्द वाईट बोलला नाही. विजयाची बढाई मारली नाही. तो एवढंच म्हणाला की सगळी माणसं सारखी, या एका समजुतीवर आपला देश उभा राहिला. असा देश टिकतो का, याची ही परीक्षा चालू आहे. या जमिनीला पवित्र करणारे आपण कोण, इथे पडलेल्यांनी ते आधीच केलं आहे. त्यांनी त्यांचं काम केलं, अर्धं राहिलेलं काम आता आपलं, जिवंत असलेल्यांचं. आणि काम कोणतं, तर लोकांचं राज्य, लोकांनीच चालवलेलं आणि लोकांसाठी चालवलेलं, ते पृथ्वीवरून पुसलं जाऊ द्यायचं नाही.

सर इथे थांबायचे. मुलं टाळ्या वाजवायची, कारण त्यानंतर जिलेबी असायची.

मी तेव्हा तरुण होते. दर वर्षी तीच गोष्ट ऐकून मला मनातून कंटाळा यायचा. असा देश टिकतो का, हा प्रश्न मला अमेरिकेचा वाटायचा, इतिहासाच्या पेपरातला, चार गुणांचा.

त्या कार्यक्रमात एक खुर्ची हौसाक्कांची असायची. दगडावर नाव होतं ते त्यांच्या नवऱ्याचं. मुलगा रांगत होता तेव्हा नवरा गेला. मग त्यांनी दोन म्हशींवर आणि चार बिघे रानावर मुलाला वाढवलं. सव्वीस जानेवारीला त्या धुतलेलं हिरवट लुगडं नेसून यायच्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसायच्या, आणि सरांचं बोलणं मान खाली घालून ऐकायच्या. त्या ऐकतात की नुसत्या बसतात, हे मला कळायचं नाही. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर त्या सरांपाशी आल्या आणि विचारलं, "गुरुजी, त्या टायमाला मेलेल्यांच्या बायका तिथं व्हत्या का?"

 सरांनी सरळ सांगितलं की मला माहीत नाही, शोधून सांगतो. पुढच्या वर्षी त्यांनी गोष्ट सांगितली आणि शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले की हौसाक्कांनी मागच्या साली एक प्रश्न विचारला होता, मी पुण्याच्या ग्रंथालयात जाऊन पाहिलं, मला नीट काही सापडलं नाही. असतील, पण त्यांना कुणी काही विचारल्याचं लिहिलेलं नाही. हौसाक्कांनी मान हलवली. जणू त्यांना हेच अपेक्षित होतं.

त्यानंतरच्या एका जानेवारीत गाव महापालिकेत जाणार अशी बातमी पक्की झाली.

त्या महिन्यात गावात वेगळीच हवा होती. पारावर, गिरणीत, दूध घालायच्या रांगेत तेवढाच विषय. जमिनीला भाव येणार. नळ येणार, रस्त्यावर दिवे येणार. घरपट्टी वाढणार, असंही कुणी म्हणायचं, पण हळू आवाजात. शेडमधून सुटून आलेले कामगार अंगाला तेलकट वास घेऊन पाराशी थांबायचे आणि ऐकायचे. ते भाड्याने राहणारे, त्यांना कुणी मत विचारत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. रात्री जेवताना तो म्हणायचा की आपल्याला काय, नळ आला म्हणजे झालं. मलाही तसंच वाटायचं. विहिरीवरून पाणी आणून माझी कंबर धरली होती.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीलाच ठेवली, झेंडावंदनानंतर, शाळेच्या मैदानात. त्या दिवशी सरांना बोलायला वेळच मिळाला नाही. शहरातून पुढारी आले होते. मांडव होता, सतरंज्या होत्या, बायकांसाठी कडेला वेगळी जागा होती. एक पुढारी तासभर बोलले. विकासाची गंगा, गावाचं सोनं, असं बरंच काही. ऊन चढलं, मुलं चुळबुळ करायला लागली, हरभऱ्याच्या रानातून पोपटांचा थवा कलकलाट करत उठला, तरी ते बोलतच होते. त्यांच्यानंतर ग्रामसेवक उठले आणि त्यांनी ठराव वाचायला घेतला. आमच्या गावाचा महापालिकेत समावेश व्हावा असा ठराव ही ग्रामसभा सर्वानुमते मंजूर करीत आहे. कागद आधीच टाइप केलेला होता.

वाचून होईपर्यंत टाळ्यांसाठी हात उचलले गेले होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने हौसाक्का उभ्या राहिल्या.

त्यांना माइक कुणी दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही. गाव शांत झालं, कारण त्या उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सर्वानुमते म्हणताय, पन मला कुनी इचारलं न्हाई. माझा मालक सुट्टीवर आला की पयला चावडीवर जायचा. हिरीचं काय ठरलं, बांधाचं भांडान मिटलं का, समदं इचारायचा. त्यो कशापायी गेला ते मला ठाव न्हाई, पन हितं बसून इचारता यावं म्हनून गेला आसंल, आसं मी धरून चालते. तवा आदी इचारा. हात वर करू द्या. मंग लिवा."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

पुढाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते ताणलेलं होतं. सरपंच चुळबुळले. वेळ होईल, जेवणं व्हायची आहेत, असं कुणीतरी पुटपुटलं. मग जगदाळे सर पुढे आले, त्यांनी ग्रामसेवकाच्या हातातून ठरावाचा कागद हलकेच घेतला आणि म्हणाले की मोजायचं काम मी करतो. आधी ज्यांना गावाने महापालिकेत जावं असं वाटतं त्यांनी हात वर करावेत.

हात वर झाले. पुरुषांच्या बाजूने भराभर, बायकांच्या बाजूने चाचपडत. बायका एकमेकींकडे बघत होत्या. हात नेमका किती वर करायचा असतो, हेही काहींना ठाऊक नव्हतं. कुणी पदर धरल्यासारखा कानापाशीच ठेवला होता. सर रांगांमधून चालत एकेक हात मोजत होते, कानापाशी थांबलेलासुद्धा. आणि मग मी पाहिलं की हौसाक्कांचा हात वर होता. सरळ, बांगड्या नसलेला हात.

सरही थबकले. मग विरोधातले हात मोजले, ते थोडे होते. ठराव मंजूर झाला, पण सरांनी त्यातला सर्वानुमते हा शब्द खोडला आणि त्याच्या जागी बहुमताने असं लिहिलं. जेवणाच्या पंगतीत मी हौसाक्कांच्या शेजारी बसले आणि विचारलं की तुमचा विरोध नव्हता तर उठलात कशाला. त्या भाताचा घास कालवत म्हणाल्या, "मला नळ नकोय व्हय बाई? मला बी पायजे. पन इचारलं पायजे व्हतं."

त्या दिवशी पंगतीतले आवाज नेहमीपेक्षा मोठे होते. विरोधात हात वर केलेले आणि बाजूने केलेले शेजारी शेजारी बसून भांडत होते आणि एकमेकांना कढी वाढत होते. बायका हसत होत्या. कुणी कुणाचा हात कानापाशीच राहिला त्याची नक्कल करत होतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की मी काहीतरी शेवटचं पाहते आहे. शेवटचं काही पाहताना ते बहुधा कळत नाहीच.

पुढे जे व्हायचं ते झालं, आणि त्यातलं पुष्कळ चांगलं झालं. नळ आले. पहिल्या दिवशी हौसाक्कांनी नळाला हळदीकुंकू वाहिलं. दिवे आले, डांबरी रस्ते आले, माझ्या मुली शहरातल्या कॉलेजात बसने गेल्या. जमिनी विकल्या गेल्या, पत्र्याच्या शेडच्या जागी मोठे कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागोमाग इमारती. हरभरा गेला, पोपट गेले. मैदानाच्या कडेचा दगड रस्ता रुंद करताना हलवावा लागला. तो आता उद्यानात आहे, चांगल्या चौथऱ्यावर, लोखंडी जाळीच्या आत. मी या कशालाच नावं ठेवू शकत नाही. मी स्वतः या इमारतीत लिफ्टने वर येते.

ग्रामसभा मात्र कायद्यानेच संपली. महापालिकेत ग्रामसभा नसते. जगदाळे सरांना ते फार लागलं. त्यांनी ठरवलं की कायदा नसला तरी आपण बसू, दर सव्वीस जानेवारीला, शाळेत, झेंडावंदनानंतर तासभर. जो रस्ता होणार त्याविषयी बोलू, जे पाणी येत नाही त्याविषयी बोलू. पहिल्या वर्षी मैदान भरलं. दुसऱ्या वर्षी निम्मं. मग शिफ्ट असायच्या, ओव्हरटाइम असायचा, लग्नं असायची. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना हे काय चाललं आहे ते कळायचं नाही, आणि त्यांना बोलवायला आम्ही कुणी गेलो नाही. सर निवृत्त झाले तरी येत राहिले. अगदी शेवटी सर, हौसाक्का, मी आणि दोन-चार म्हातारी माणसं, एवढेच उरलो. सर तरीही ती गोष्ट सांगायचे. दोन-तीन मिनिटांचं भाषण, अर्धं राहिलेलं काम. एका हिवाळ्यात सर गेले आणि त्यानंतर कुणी बसलं नाही.

मी पुष्कळदा विचार करते की हे कुणी बंद पाडलं. कुणीच नाही. पोलीस आले नाहीत, कुणी धमकावलं नाही. त्या राष्ट्राध्यक्षाला भीती होती ती युद्धाची. दफनभूमीत उभं राहून त्याला वाटलं की लोकांचं राज्य पुसलं जाईल तर असंच, आगीत आणि रक्तात. आमच्याकडे आग लागली नाही. आमच्याकडे नळ आला, दिवे आले, आणि आम्ही घरात जाऊन दार लावून घेतलं. त्याचा प्रश्न अमेरिकेचा नव्हता हे मला कळलं, पण कधी, तर निवृत्त झाल्यावर, रिकाम्या दुपारी मेथी निवडताना.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप आला. एका उमेदवाराने इमारतीला रंग लावून द्यायचं कबूल केलं आहे, तरी आपल्या सगळ्या घरांची मतं त्यांनाच द्यावीत असं सर्वानुमते ठरलं आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग लिहिलं, हे ठरवताना कुणाला विचारलं होतं का?  एकाने हात जोडलेलं चित्र टाकलं. मग कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि सगळे तिकडे वळले. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा फार अदबीने म्हणाले, "मॅडम, रंग तर सगळ्यांनाच हवा आहे ना?" मला रंग हवा होता, नाही असं नाही. पण पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. बारावा मजला आला, आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी हौसाक्कांकडे गेले. त्यांच्याच रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीत मुलाच्या घरी त्या राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे, कान गेले आहेत, पण नजर शाबूत आहे. खिडकीपाशी पलंग टाकलेला. त्यांच्या खिडकीतून समोरची दुसरी इमारत दिसते, आणि तिच्या खिडक्यांतल्या वाळत घातलेल्या चादरी. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सोसायटीतला प्रकार सांगितला. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

सूनबाईंनी चहा आणला. पलंगाखाली एक नवं कोरं खोकं होतं, कुकरचं. वर एका उमेदवाराचा फोटो चिकटवलेला. मी बघते आहे हे सूनबाईंच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळून म्हणाल्या की काल त्यांची माणसं येऊन गेली, घरोघर देत होती, नको म्हणायला अवघड जातं. मग त्या आत गेल्या.  मैदानातला तो सरळ हात माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि मला वाटलं, हौसाक्कांना झोप लागली असताना दिलं असेल, त्यांना कळलंही नसेल.

हौसाक्कांनी माझ्या नजरेचा माग घेतला. पायाने खोकं थोडं आत सारलं.

"म्याच घेतला," त्या म्हणाल्या. "झोपेत न्हाई. जागी व्हते."

मी त्यांचा हात धरला. हाडं लागत होती.

"तवा उठले ना बाई, तर मागं समदा गाव बसल्याला व्हता. गुरुजी व्हते. हात वर करताना कोपराला कोपर लागत व्हतं." त्यांनी खिडकीबाहेर समोरच्या चादरींकडे पाहिलं. "न्हाई म्हनायला बी कुनीतरी संगं लागतं. काल मी येकलीच व्हते."